उजव्या फुप्फुसाचा डेमो प्लॉट

वाजू द्या. वाजू द्या म्हणतो ना, मी उचलणार नाही. हा आजचा सातवा… आणि आज रविवार आहे, म्हणजे माणसानं पोहे खावेत, पेपर तोंडावर घ्यावा आणि आडवं व्हावं, एवढी माफक इच्छा, तर तेवढंही नाही! कोण असेल सांगू? बागणीचा असेल कोणीतरी, नाहीतर दुधगावचा, नाहीतर गाडीवरून जाता जाता पाटी वाचून थांबलेला एखादा अनोळखी माणूस, आणि फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "आप्पांचं थोरलं चिरंजीव बोलत्यात का?" आता मी कुठला चिरंजीव? तुम्हाला सांगतो, गेले तीन महिने मी या एका प्रश्नाला एकच उत्तर दिलंय, वर्गात दिलंय, दाढी करताना दिलंय, एकदा तर झोपेत दिलं म्हणे, बायको सांगत होती… मी जावई आहे हो, जावई!

जावई म्हणजे काय असतं आपल्याकडे, ते तुम्हाला माहीत आहे. मी मूळचा फलटणचा, सांगलीत शाळेत भूगोल शिकवतो, आणि सासुरवाडी आष्ट्याच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून ऊस. बावीस वर्षं मी तिथं नुसता बसलोय. म्हणजे गेलो की बसायचं. पाणी आणून देणार, चहा आणून देणार, चुलीवरचं कोंबडं समोर येणार, आणि मी जर चुकून स्वतःचा तांब्या स्वतः उचलला तर रंगूबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर तोंडाला लावून बायकोकडे अशा बघणार की जसं काही मी नांगर ओढायला निघालोय. आणि सासरे, नाथाजी आप्पा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, मिशी अजून ड्युटीवर असलेले, ते बावीस वर्षांत माझ्याशी तीन वाक्यं बोलले. "पाव्हणं, बसा." "पाव्हणं, जेवा." आणि तिसरं, "पाव्हणं, कवा निघनार?" माझं नाव धैर्यशील आहे. ते त्यांना माहीत आहे की नाही, याचीच मला शंका होती. माझी काही तक्रार नव्हती हो, तीन वाक्यांत संसार छान चालला होता.

मग खोकला आला. दिवाळीपासून होता तो. आप्पा म्हणाले उसाचं पाचट जाळत्यात त्येचा धूर हाय, मग म्हणाले थंडी हाय, मग म्हणाले वय हाय, आणि एक दिवस उसाच्या एका सरीच्या टोकाला जाईपर्यंत दोनदा बांधावर बसले, तेव्हा सासूबाईंनी दीपाला फोन केला. दीपा म्हणजे दीपमाला, माझी बायको. मेहुणा साईराज फौजेत, तिकडं बर्फात, त्याची सुट्टी मिळेल तेव्हा मिळेल. राहिलं कोण? गाडी कुणाकडे आहे? सांगलीत कोण राहतं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अहो, मी जावई आहे… पण तेव्हा बोललो नाही.

तपासण्या झाल्या. सुई घालून गाठीचा तुकडा काढला, तर आप्पा बाहेर येऊन मला म्हणतात कसे, "येकाच ठिकानचा नमुना घेतला. मातीचा नमुना पाच ठिकानचा घेत्यात." म्हटलं, आप्पा, ती माती नाही. "मातीच की वं शेवटी," म्हणाले. बावीस वर्षांनी चौथं वाक्य बोलले, तर हे असं.

डॉक्टर होत्या ज्ञानदाबाई. लहान चणीच्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या, बोलणं गोड. त्यांनी आम्हाला चौघांना बसवलं आणि सरळ सांगितलं की उजव्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ आहे, आणि किती मोठी ते कळावं म्हणून बोटांनी दाखवलं. लिंबाएवढी. झालं! त्या दिवसापासून सासूबाईंनी घरात लिंबू बंद केलं. सरबतात नाही, पोह्यांवर नाही, लोणचं शेजारी देऊन टाकलं, परड्यातलं लिंबाचं झाड होतं त्याच्याकडे पाठ करून धुणी धुवायला लागल्या. दीपा गाडीत मागं बसून रडली, मी पुढं बसून आरसा वाकडा केला, म्हणजे मला ती दिसू नये आणि तिला मी दिसू नये.

आणि आप्पा? आठ दिवस नुसते बांधावर जाऊन बसायचे. औषधाचं बोलायला पुन्हा गेलो तेव्हा ज्ञानदाबाई म्हणाल्या, "आजोबा, आपण नॅनो औषध देऊ." आणि आप्पा खुर्चीतून उठले. उठले म्हणजे उभेच राहिले, आणि म्हणाले, "चला पाव्हणं."

आता हे तुम्हाला समजून घ्यायला पाहिजे. गावात भाऊसोचं खताचं दुकान आहे. युरियाचं पोतं मागितलं की भाऊसो म्हणतो, "पोतं मिळंल, पन संगं ही नॅनो खताची बाटली घ्यायला लागंल, वरनंच तसं आलंया." नको असली तरी घ्या. पोत्यामागं बाटली, पोत्यामागं बाटली, याला म्हणायचं लिंकिंग, आप्पांच्या गोठ्यात कोनाड्यात अकरा बाटल्या रांगेत उभ्या आहेत, न उघडलेल्या, पंधरवड्याला एकदा त्यांच्याकडे बघून आप्पा भाऊसोचा उद्धार करतात. आणि तोच नॅनो आता दवाखान्यात!

"बाई," आप्पा म्हणाले, "खरं सांगा. ह्येचं लिंकिंग कशाबरुबर हाय?"

बाईंना कळेना. बिचाऱ्या प्रामाणिक, म्हणाल्या, "म्हणजे… याच्यासोबत दुसरं एक औषध घ्यावं लागतं खरं. दर तीन आठवड्यांनी."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की सांगितलं नव्हतं मी? आणि दाराकडे निघाले. आणि तुम्हाला सांगतो, मी घाबरलो. कारण हा माणूस हट्टी. हा घरी जाऊन पडून राहणार, मिशीला पीळ देत राहणार आणि आम्ही बघत राहणार. हसायची गोष्ट सांगतोय मी, पण त्या वेळी त्या दारात त्यांचा जीव होता, आणि तो बाहेर निघाला होता.

तर ज्ञानदाबाई टेबलामागून पळत आल्या. "आजोबा, पाच मिनिटं. फक्त ऐका, मग जा." आणि सांगायला लागल्या. साधं औषध कसं सगळ्या अंगातून फिरतं, चांगल्या जागी पण जातं, वाईट जागी पण जातं, म्हणून त्रास जास्त. आप्पा उभ्याउभ्याच म्हणाले, "पाटपानी." बाई म्हणाल्या, काय? "आवं, पाटानं पानी सोडलं की उसाला मिळतंय तेवढंच बांधावरच्या हराळीलाबी मिळतंय." हां, तसंच, बाई म्हणाल्या, आणि हे नॅनो म्हणजे… "ठिबक," आप्पा म्हणाले. आणि बसले. एवढ्या शब्दावर बसले हो! बाईंना हुरूप आला. म्हणाल्या, यात औषधाचे कण इतके बारीक की केसाच्या जाडीत असे पाचशे शेजारी शेजारी बसतील, आणि प्रत्येक कणाला प्रोटीनचा लेप आहे, आणि गाठीला वाढायला प्रोटीन लागतं, ती हावरट असते, ती ओढून घेते, आणि आत गेल्यावर लेपातून औषध बाहेर पडतं.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी उंदराची गोळी."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"उसात उंदीर लागला की आमी काय करतो? भरड्यात गूळ घालतो, गुळात औषद घालतो, गोळी बिळाच्या तोंडाला ठेवतो. त्यो गुळाच्या हावंनं खातुया. आपन म्हागं लागायचं न्हाई. त्योच ओढून घेतुया."

आणि बाई काय म्हणाल्या माहीत आहे? "आजोबा, मी हे उद्यापासून सगळ्यांना असंच सांगू का?" वर प्रामाणिकपणे असंही म्हणाल्या की सगळंच्या सगळं औषध गाठीतच जातं असं नाही हो, थोडं इकडं तिकडं जाणारच, त्रास होणारच. तर आप्पा म्हणतात, "ठिबकाची नळीबी कुटंतरी गळतीयाच की. मी काय येडा हाय?"

वाटलं, सुटलो. कुठले सुटतोय! आप्पांनी अट घातली. म्हणाले, औषध घेतो, पण डेमो प्लॉट करून घेतो.

शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. डेमो प्लॉट म्हणजे खताची नाहीतर बियाण्याची कंपनी येते, रस्त्याकडेचं चांगलं रान बघते, दहा सऱ्यांना आपलं औषध टाकायला लावते, शेजारच्या दहा सऱ्या तशाच ठेवायला सांगते, म्हणजे फरक दिसावा. रस्त्याला पत्र्याची पाटी लागते. शेतकऱ्याचं नाव, पीक, औषध, आणि खाली संपर्काला मोबाईल नंबर. आणि शेवटी एक रविवार धरून पीक पाहणी, गावोगावची माणसं, फेटे, एक भाषण आणि जेवण. आप्पांनी असे नऊ डेमो केलेत. त्यातले चार साफ बुडाले. पण बुडालेल्याची पण पाहणी करायची आणि लोकांना जेवायला घालायचं, ही त्यांची रीत. म्हणतात, "आलेलं पीक कुनीबी दावंल. न आलेलंबी लोकांनी बगाया पायजे."

तर आप्पा ज्ञानदाबाईंना म्हणाले, "दोन फुप्फुसं हायत. उजव्याला तुमची नॅनो द्या, डाव्याला साधं औषद. मंग फरक बघू."

"अहो आजोबा, डाव्यात काहीच नाहीये. ते चांगलं आहे."

"मंग त्ये बिनऔषदाची सरी," आप्पा म्हणाले. "तुलनेला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही मुलगा ना, समजवा जरा यांना, अशा नजरेनं. मी काय समजवणार? म्हटलं, बाई, मी जावई आहे हो, जावई!

आणि सुरू झाले आमचे बुधवार. दर बुधवारी अर्धा तास औषध, पण त्या अर्ध्या तासासाठी मी पहाटे उठून सांगलीतून निघायचं, आष्ट्याकडे जायचं, आप्पांना घ्यायचं, परत सांगलीला आणायचं, रक्त तपासायचं, रांगेत बसायचं, औषध, मग परत सोडायला जायचं, मग शाळा. मुख्याध्यापकांना मी इतके अर्ज दिले की ते म्हणाले, बुधवारचा भूगोल आपण मंगळवारीच उरकत जाऊ. गाडीत आप्पा पुढच्या सीटवर. ताठ. मांडीवर फाईल. आयर्विन पूल आला की कृष्णेला हात जोडणार आणि मला म्हणणार, "दुसरा गेर टाका." मला! बावीस वर्षं मी गाडी चालवतोय. दवाखान्यात शेजारच्या खुर्च्यांवर औषध घेणारे जे होते ना, त्यांना पंधरा दिवसांत यांनी फौजच केली. औषधाच्या फेरीला म्हणायचे पाणी, उसाला देतात तसं. "कोन कितव्या पान्यावर हाय? हात वर करा." एक आजी म्हणाल्या माझं चौथं. "शाब्बास, उगवन चांगली हाय." नर्स आली की सगळे ताठ बसायचे. केस गेले तर आप्पा टकलावरून हात फिरवून बाईंना विचारतात, "केसाच्या जाडीत पाचशे बसत्यात म्हनला हुतासा. आता मोजायचं कशावर?"

आणि याच दिवसांत हे फोन सुरू झाले. पहिला आला तो मी तास घेत असताना. "आप्पांचा थोरला मुलगा का? पाटी बघितली. पाहनी कवाची हाय?" म्हटलं कसली पाटी? कुणाची पाहणी? आणि मुलगा तिकडं बर्फात आहे, मी जावई! ठेवला. लगेच दुसरा. "थोरलं चिरंजीव का?" मग कळलं, की आप्पांनी पहिलं औषध घेतलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी जुन्या बियाण्याच्या कंपनीची पाटी काढली, पेंटर बोलावला, आणि उसाच्या कडेला स्वतःच्या फुप्फुसाची पाटी लावली. खाली संपर्काला नंबर माझा! विचारलं तर म्हणतात, "माझ्या मोबाईलची रेंज न्हाई रानात." मी ती पाटी वाचलीही नव्हती, कारण मी येतो सांगलीकडून, घरापासूनच मागं वळतो, आणि पाटी घराच्या पुढं, तिचं तोंड तिकडं इस्लामपूरच्या बाजूला, मला आपला मागचा पत्रा दिसायचा, त्यावर अर्धवट पुसलेलं भोपळी मिरचीचं चित्र आणि कोपऱ्याला सासूबाईंनी बांधलेली काळी बाहुली. नंबर लोकांना मिळाला तो असा. पण मुलगा का म्हणतात, ते मला कळेना. म्हटलं, खेड्यातली माणसं, नंबर दिसला की मुलाचाच समजणार. प्रत्येकाला सांगायचो. जावई, जावई.

बरं, एकवेळ पाटीही चालली असती. पण तिच्यावर पाहणीची तारीख! अधिक महिन्यातला दुसरा रविवार. आणि नऊ बुधवार संपून गाठीचा नवा फोटो निघणार कधी? त्याच्या आधीच्या शुक्रवारी. म्हणजे शुक्रवारी निकाल आणि रविवारी दोनशे माणसं जेवायला. मी आप्पांना म्हटलं, आप्पा, आधी निकाल येऊ द्या, मग तारीख धरा. तर म्हणाले, "तारीख लागनीलाच धरत्यात. पीक बघून धरली तर ती जाहिरात झाली." पण आप्पा, समजा… मला पुढं बोलवेना. त्यांनीच बोलून टाकलं. "समजा बुडालं तरी जेवान व्हनार."

सहाव्या बुधवारी काय झालं, ते सांगतो. त्या दिवशी त्यांच्या बोटांना मुंग्या आलेल्या, औषधानं तसं होतं म्हणे. सदऱ्याची बटणं लागेनात. तीनदा प्रयत्न केला, मग हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले. मी गाडी बाजूला घेतली आणि खालपासून वरपर्यंत त्यांची बटणं लावली. माझ्या स्वतःच्या वडलांची पण मी कधी लावली नव्हती, ते गेले तेव्हा मी शिकायला बाहेर होतो. डिग्रजच्या पुढं येईपर्यंत आप्पा त्या बटणांवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, येक सांगू का. पाहनीला मी असलो तर मी सांगन लोकांस्नी. नसलो तर तुमी सांगायचं. जे झालं त्ये खरं सांगायचं. दीपाला आन् हिला सांभाळायचं." एवढंच. मी म्हणणार होतो, आप्पा, मी जावई आहे हो… पण त्याऐवजी नुसती मान हलवली. पुढचा रस्ता मला नीट दिसला नाही, तर म्हणतात कसे, "दुसरा गेर टाका."

आला शुक्रवार. ज्ञानदाबाईंनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, एक मार्चमधला, एक ताजा. मी पडद्याकडे बघितलंच नाही, बाईंच्या तोंडाकडे बघत होतो. दीपाने माझा हात इतका घट्ट धरलेला की घड्याळाचा वण उठला. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. आणि आप्पा चष्मा पुसून पडद्याजवळ गेले, नाक लावून उभे राहिले, आणि म्हणाले, "ह्यो आधीचा प्लॉट. ह्यो आताचा. बाई, हितलं लिंबू कुटं गेलं?"

बाई हसल्या. हसल्या हो! "लिंबू गेलं आजोबा. आता बोराएवढी राहिलीय. फार छान आहे हे."

सासूबाईंनी तिथंच खाली बसून घेतलं. दीपा रडायला लागली, मी पण, आणि बाहेरून नर्स आत आली तर तिला वाटलं काहीतरी वाईट झालं, ती पण डोळ्याला रुमाल लावून उभी. एकटे आप्पा कोरडे. बाई म्हणाल्या, अजून औषध घ्यावं लागेल, मग किरणं, आणि नंतरही दर तीन महिन्यांनी तपासायचं, कारण ही गाठ परत येऊ शकते. आप्पा म्हणाले, "खोडवा." ऊस तोडला तरी बुडख्यातनं परत फुटतो, तो. "खोडवा येऊ द्यायचा न्हाई. ध्येन ठिवतो." मग जाता जाता दारात थांबले आणि बाईंना म्हणाले, "परवा पाहनी हाय. कंपनीचा मानूस म्हनून तुमी यायचं. फेटा बांधू."

आणि आता माझं दुःख ऐका. अधिक महिना म्हणजे काय? धोंड्याचा महिना! तीन वर्षांतनं एकदा येतो, जावयाला पाटावर बसवतात, धोंडे जेवायला घालतात, चांदीचा दिवा देतात, जावई म्हणजे प्रत्यक्ष नारायण. मी मागच्या अधिक महिन्यापासून वाट बघत होतो. तर त्या रविवारी हा नारायण कुठं होता? कंबरेला पंचा, हातात आमटीची बादली! दोनशेची पंगत दोनशे ऐंशीवर गेली, वाढायला माणूस कमी, आणि सासूबाई, ज्यांना मी तांब्या उचलला तरी घेरी यायची, त्या सासूबाई चुलाण्यापासून ओरडतात, "त्या कडंच्या पंगतीत भात न्हाई, पळा की वं." पळालो. प्रत्येक पत्रावळीवर मिठाशेजारी लिंबाची फोड होती. परड्यातल्या झाडाची. सासूबाईंनी सकाळी स्वतः कापली होती, म्हणून मी नुसता भात वाढत राहिलो.

जेवणाआधी आप्पांचं भाषण झालं. ज्ञानदाबाई फेटा बांधून शेजारी. आप्पांनी सदरा काढला, उघड्या छातीवर उसाच्या कांडक्यानं दाखवायला लागले, "ही औषदाची बाजू, ही बिनऔषदाची." भाऊसो पहिल्या रांगेत बसलेला, आप्पा त्याला म्हणाले, "भाऊसो, तुझ्या अकरा बाटल्या परवा फवारल्या बरं का. मानसाचं कळलं, उसाचं कळायचं हाय." लोक हसले. भाऊसो पण हसला, दुसरं काय करणार? मग आप्पांचा आवाज बदलला. "बाईंचं औषद चांगलं हाय. पन माझी चूक सांगतो, ती आयका. दिवाळीला खोकला आला आन् मी मार्चात आलो. धूर म्हनलो, थंडी म्हनलो. खरं म्हंजी भ्यालो हुतो. फौजेत भ्यालो न्हाई त्येवढा भ्यालो. तीन आठवडं खोकला गेला न्हाई की नमुना काढायचा. लाजायचं न्हाई." मागं कडूलिंबाखाली धुळा बसला होता, मेंढरंवाला, आप्पांच्या रानात दरवर्षी मेंढ्या बसवतो. तो खोकत होता. भाषण ऐकून त्यानं तोंडावर घोंगडं धरलं, आणि आप्पांनी ते पाहिलं.

मग बाई म्हणाल्या, पाटीजवळ फोटो काढू. आम्ही रस्त्याला गेलो. बादली तशीच माझ्या हातात. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्या पाटीच्या पुढच्या बाजूला उभा राहिलो. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात, ठसठशीत…

प्लॉटधारक: निवृत्त हवालदार नाथाजी आप्पा.
पीक: उजवे फुप्फुस. तुलना: डावे फुप्फुस.
औषध: नॅनो, दर बुधवारी.
पीक पाहणी: अधिक महिना, दुसरा रविवार. पीक आले तरी, न आले तरी. जेवण आहे.
संपर्क: धैर्यशील, थोरला मुलगा.

मी परत वाचलं. बावीस वर्षांत या माणसानं माझं नाव तोंडातून काढलं नव्हतं, आणि लिहिलं तर कुठं? पत्र्यावर. ऑइलपेंटनं. पहिल्याच औषधाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुढं काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं तेव्हा. मी म्हटलं, आप्पा, हे काय लिहिलंय? तर मिशी फिरवत उसाकडं बघत म्हणाले, "पेंटर म्हनला जागा कमी हाय. म्हनून आवरतं घेतलं."

जागा कमी? 'जावई' तीन अक्षरं. 'थोरला मुलगा' सहा अक्षरं. भूगोलाचा मास्तर असलो तरी एवढा हिशेब मला येतो! पण तोवर फोटो निघाला, त्यात मी पंचा लावून बादलीसकट रडतोय आणि फेटेवाल्या बाई हसतायत, असा तो फोटो दवाखान्यात लावलाय, जाऊन बघा.

आणि तुम्ही म्हणाल, मग आता कुरकुर कसली? अहो, माझं सगळं गेलं ना! नीट विचार करा. जावयाला काय असतं? पाट असतो, कोंबडं असतं, धोंडे असतात, चांदीचा दिवा असतो. मुलाला काय असतं? परवा गेलो तर सासूबाई म्हणाल्या, चहा हवा असला तर चुलीवर हाय, घ्या ओतून. आप्पा म्हणाले, "धैर्या, ती ठिबकाची नळी गळतीया, बघ जरा." एकेरी! बावीस वर्षांचा मान एका पत्र्यात गेला. आणि फोन… बघा, परत वाजायला लागला. तोच नंबर आहे. थांबा, आता उचलतोच. जावई असतो तर सांगितलं असतं हो, की नंतर करा, पाव्हणे झोपलेत…

हॅलो. …कोण, धुळा? …काय म्हणतोस, आप्पांनी करायला सांगितला? …खोकला कधीपासनं? …हं. …नाही, भिऊ नको. …नाही रे बाबा, जावई नाही. मुलगाच बोलतोय. …उद्या सहाला तयार राहा, पाटीपाशी. आणि पुढच्या सीटवर बसू नको, तिथं आप्पा बसणार, दुसरा गेर टाका म्हणायला.